दोन ते चार

गुढ्याच्या पठारावर चार कळक रोवून
त्यांवर तांब्याची तार ताणली आहे आम्ही.
रिसीव्हर मीच जुळवलेला,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
वीस मेगाहर्ट्‌झच्या आसपास
गुरू कधीतरी बोलतो.
एरवी नुसती आकाशाची खरखर,
आणि तीही निर्मळ मिळायला नशीब लागतं.

कारण तिच्यावर बसलेलं असतं
पवनचक्क्यांच्या पेटाऱ्यांतलं घुं घुं,
कोकरूडकडच्या लायनीवर, पाऊस उघडला की,
चिनीमातीच्या चिमण्यांतून सुटणारी चरचर,
कुणाच्या तरी गोठ्यातल्या स्वस्त बल्बची किरकिर.
पावलांवरून माणूस ओळखावा
तसं हे सगळं ओळखतो मी आता.

हे टक् मात्र नवं होतं.
टक्.
सव्वा सेकंद.
टक्.
रुबीना मुजावर, शेवटच्या वर्षाची, तीन रात्री झोपली नाही.
"सर, पल्सार असंल?"
मी सर नव्हे, लॅब असिस्टंट.
चार कळकांना पल्सार सापडत नसतो
हे माहीत असूनही छातीत काहीतरी हललं.
चौथ्या दिवशी तिनंच वही पुढं केली, मान खाली:
तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात.
हे रोज साडेआठलाच.
जेवणं उरकल्यावर.

मग हातातली अँटेना फिरवत निघालो बांधाबांधानं,
वासरू चुकलेल्या माणसासारखा.
ओढ्यापलीकडं आवाज फुगला.
भुईमुगाचं रान, भोवती तार,
खांबाला झटका मशीन,
आणि एका कोपऱ्यात तारेला टेकलेलं ओलं गवत.
दर ठोक्याला तिथं निळी ठिणगी,
मोहरीएवढी.
एवढीनं सगळं आभाळ झाकलेलं.

अनुसाक्का डोईफोडे विळा घेऊनच आली.
गवत कापलं. टक् बारीक झालं, गेलं नाही.
मी भीतभीत म्हणालो, रात्रीची जरा बंद ठेवली तर?
"आन् डुकरं? ती काय तुज्या गुरूची वाट बगत बसत्यात व्हय?"
मी गप्प.
तिनं शेंग उपटून फोडली, दाणा दातानं बघितला.
"गुरूच म्हंतोस न्हवं? मग बेस्तरवारी ठेवीन बंद.
माझा उपास असतोय, झोप तशीबी लागत न्हाय.
दोन ते चार. त्येच्याफुडं एक मिंट न्हाय."

बेस्तरवारी दोनला टक् थांबलं.
कानातलं घर एकदम मोठं झालं.
खाली माळ्यावर अनुसाक्का तेलाचा डबा बडवत होती,
हुर्रर्र, हाऽऽड, आणि जनावरांच्या सात पिढ्यांचा उद्धार.
डाव्या कानाला ते सगळं ऐकू येत होतं.
उजव्या कानात, हेडफोनमध्ये, त्यातलं काही नाही.
पत्र्याचा दणका तारेला कळत नाही,
बाईच्या ओरडण्यानं आकाशाची जागा अडत नाही,
ही गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती.
त्या रात्री मात्र तिचं उपकारासारखं ओझं वाटलं.

तीन वाजून बारा मिनिटांनी
आधी लाटांसारखं काहीतरी, लांबून,
मग तडतड, तडतड,
मग पुन्हा खरखर.

सकाळी टेप लावली तिच्या ओट्यावर.
तिनं पदर कानामागं सारून ऐकलं.
"पंचमीच्या लाह्या."
म्हटलं, हे तिकडनं निघालं
ते आपल्याला ऐकू यायच्या चाळीस मिनिटं आधी.
तिनं बोटांवर हिशेब केला.
"म्हंजी त्यो बोलला, तवा डुकरं चिंचंपशी हुती.
आन् तुला आयकू आलं, तवा आत शिरल्याली."

नोंदवहीत "व्यत्यय" असा रकाना आहे.
मी लिहिलं: नाही.
संध्याकाळी पाहिलं तर खाली पेन्सिलनं
रुबीनाचं अक्षर:
दोन सऱ्या भुईमूग.